करवंटीच्या बांगड्या

"हात पुढं कर," बाबा म्हणाले.

मी शाळेत शिकवून नुकतीच आले होते; बोटांना खडूची पूड तशीच होती. बाबा घराच्या लाकडी पायरीवर बसून करवंटीचं एक कडं बारीक वाळूनं घासत होते. मी हात पुढं केला. त्यांनी माझा अंगठा तळव्यात दुमडला, बोटं जुळवून हलकेच चेपली, आणि कडं मनगटावर कधी आलं ते मला समजलंही नाही.

"दुखलं?"

"नाही."

"दुखलं तर कासार कसला!"

त्यांनी कडं माझ्या हातावर दोनदा फिरवून पाहिलं, पुन्हा उतरवलं आणि घासायला लागले.

पोर्ट ब्लेअरमध्ये तेव्हा काचेच्या बांगड्या कुठल्या! जपानी नुकतेच गेले होते; त्यांच्या अमलात धड भातही मिळत नव्हता. बाबा करवंटीच्या बांगड्या करत आणि वस्तीतल्या बायका त्या हौसेनं घालत. या चार मात्र निराळ्या होत्या. त्या घासून घासून त्यांनी चिंचोक्यासारख्या तुळतुळीत केल्या होत्या. माझ्याच मापाच्या होत्या, म्हणजे माझ्याचसाठी असणार, असं मी धरून चालले. विचारलं नाही. आमच्या वस्तीत विचारायची रीत नव्हती. घरटी कुणीतरी काळ्या पाण्यावर आलेलं; ज्यानं आपणहून सांगितलं, त्याचं ऐकायचं. बाबांनी मला एकदाच सांगितलं होतं. जत्रेत दुकान मांडायच्या जागेवरून भांडण झालं, समोरच्यानं बांगड्यांच्या पाटीला लाथ घातली, बाबांनी कावडीची काठी उगारली. तो माणूस उठलाच नाही. बाबा तेव्हा पंचविशीतले होते. गावी सगुणा नावाच्या मुलीशी त्यांचं लग्न झालेलं होतं, हेही मला माहीत होतं. दूरच्या एखाद्या देशाची राजधानी माहीत असते, तसं.

माझी आई अवधची. तीही शिक्षेवर आलेली. दोघांचं लग्न सरकारच्या परवानगीनं तिथंच झालं. लढाईच्या काळात आई तापानं गेली. आईशी मी हिंदुस्थानी बोलायची आणि बाबांशी मराठी. शाळेच्या कपाटातली पुस्तकं मी वाचून संपवली होती, पण मराठी बोलणारं दुसरं माणूस मला ठाऊक नव्हतं.

शेजारचे रामअवतारचाचा जाता जाता थांबले. "क्यों कासार, नाम लिखवाया?"

"लिखवाया. दोनों का."

"लाया भी मुफ़्त, ले जाएगा भी मुफ़्त," चाचा म्हणाले. "ऐसा जजमान कहाँ मिलेगा!"

बाबा मोकळेपणानं हसले. सरकारनं कैद्यांची वसाहत मोडली होती. सगळ्यांना माफी होती, आणि ज्याला गावी परतायचं असेल त्याला बोटीचं भाडं पडणार नव्हतं.

"दोघांचं?" मी विचारलं.

"तू पण चल. गाव बघून घे एकदा. पुढच्या बोटीनं परत येऊ."

मी हो म्हटलं. मग आम्ही मासे तळले, भात केला, आणि बाबांनी नेहमीसारखी तक्रार केली की मला कोकमाची चव कळत नाही. कोकम मी जन्मात पाहिलं नव्हतं. असा सरळ, साधा दिवस त्यानंतर आमच्या वाट्याला आला नाही.

बोटीवर वर मोकळी जागा होती, वारा होता, पण बाबा खालच्या मजल्यावर गेले. बरंच शोधून ते एका लोखंडी खांबाशी बसले.

"इथं," ते म्हणाले. "इथंच बसवलं होतं आम्हांला. एकाच्या पायाला दुसऱ्याचा पाय. शेजारच्याला ओकारी आली तरी सरकता यायचं नाही. सगळा प्रवास मी या खिळ्याकडं बघत काढला."

बोट ती नव्हती. इतक्या वर्षांत ती भंगारात गेली असणार. हे त्यांनाही कळत असावं. मी खिळ्याकडं पाहिलं, त्यांच्या घोट्यावरच्या जुन्या काळ्या वळाकडं पाहिलं.

"वर चला ना. माणसं मोकळी हिंडताहेत."

"तू जा. मला इथं बरं वाटतंय."

मद्रास येईपर्यंत ते तिथंच बसून राहिले. त्यांना नेमकं काय बरं वाटत होतं, ते मला कळलं नाही.

मद्रासहून रेल्वेनं कऱ्हाड, आणि तिथून कोयनेच्या काठाकाठानं बैलगाडी. गाव जवळ आलं तसे बाबा सावरून बसले. मग एकदम म्हणाले, "चंपे, तू कोण ते मी सांगीन. माझं मला सांगू दे. तोवर तू काही बोलू नको."

"बरं."

वेशीजवळ झाडाखाली एक माणूस बांगड्यांची पाटी मांडून बसला होता. त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो उठून उभा राहिला आणि दोन पावलं मागं सरला.

"दादा?"

"हैबती! अरं, वळखलंस की!" बाबा हात पसरून पुढं झाले.

"हात लावू नगंस," हैबती म्हणाला. "वळखलं. पर तू मेलायस, दादा."

बाबा थांबले.

"बारा वरसं वाट बघितली. ना पत्र, ना निरोप. मग पळसाच्या पानांचं मढं केलं, तुझं नाव घेऊन जाळलं. म्या अग्नी दिला. दहाव्याला कावळासुदीक लगेच शिवला. दर साली तुझं श्राद्ध घालतो. तुला आवडायचं म्हनून बुंदीचं लाडू करतो."

"मला बेसनाचं आवडायचं, हैबती," बाबा म्हणाले.

हैबती तोंडावर उपरणं धरून रडायला लागला. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. तोवर माणसं जमली. गर्दीतून एक म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढं आली. तिला सगळे बयाकाकू म्हणत.

"भुताला सावली पडत न्हाई म्हनत्यात. याची तर चांगली गाडीएवढी पडलीया! आन् ही गं कोन?"

सगळे माझ्याकडं वळले. मी बाबांकडं पाहिलं.

"मास्तरीण हाय तिकडची," बाबा म्हणाले. "सोबत आली." मग माझ्याकडं न बघता, हळूच, "अभी चुप रहना."

वेळ पाहून सांगतील, असं मला वाटलं.

मेलेल्या माणसाला गावात कसं घ्यायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून आम्हांला वेशीबाहेरच्या मारुतीच्या देवळात उतरवलं. संध्याकाळी हैबती गोपाळभटांना घेऊन आला. भटजींनी पोथी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"मेलेल्याला घरात घेता येत नाही," ते म्हणाले. "जन्मलेल्याला येतं. तेव्हा याला पुन्हा जन्माला घालावं लागेल. जन्म, बारसं, मुंज, आणि बायकोशी नव्यानं लग्न. एका दिवसात उरकतं. तिकडं काही संसार-बिंसार केला होता का रे, भिवा?"

"भटजी, कैद्याला कसला आलाय संसार!" हैबतीच म्हणाला.

बाबा जमिनीकडं बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. भटजींनी पोथी बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई भाकरी घेऊन आली. कपाळ पांढरं, हात रिकामे. देवळात न येता ती पायरीखाली पाठ फिरवून उभी राहिली. ती सगुणा, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी उठून विहिरीकडं गेले. तिथून दोघं दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. बाबा बराच वेळ बोलत होते. तिनं एकदाच मान वळवून माझ्याकडं पाहिलं, मग काहीतरी थोडकं बोलली. बाबांनी हात जोडले. नवऱ्यानं बायकोला हात जोडावेत, असं काय घडलं होतं? मी परत आले तेव्हा त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा माझ्यासाठी ठेवला होता.

"सांगितलंत?"

"भाकरी खा," ते म्हणाले.

"आपण परत कधी जायचं?"

"खा आधी. बाजरीची हाय."

मी खाल्ली. एवढी वर्षं ज्या भाकरीचं वर्णन ऐकलं ती हीच, की आणखी कुठली, हेही मला ठरवता येईना.

जन्म द्यायला गुळाची काहील आणली होती. उसाचा रस आटवायची ती भली थोरली लोखंडी कढई देवळाच्या अंगणात ठेवून तिच्यात पाणी भरलं. शास्त्राप्रमाणं तूपही हवं होतं.

"रेशनच्या दिवसांत एवढं तूप कुठनं आणू?" हैबती म्हणाला.

"वाटीभर टाका. शास्त्राला तेवढं पुरतं."

माघाची पहाट होती. बाबांना काहिलीत बसवलं, गुडघे पोटाशी, मुठी वळलेल्या, डोळे मिटलेले. गर्भानं बोलायचं नसतं, डोळे उघडायचे नसतात, काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नसतं. सूर्य झाडावर येईपर्यंत तसंच बसायचं. भटजी मंत्र म्हणत होते आणि बायका पदरात तोंड घालून हसत होत्या.

"पन्नाशी उलटलेलं बाळ गं बाई," बयाकाकू म्हणाली. "दाढीमिशा घेऊनशान येतंय!"

बाबांचे दात वाजत होते. मला घोंगडी घेऊन पुढं जावंसं वाटलं, पण मास्तरणीनं जाणं बरं दिसलं असतं का? मी खांबाशी उभी राहिले.

"आता याचं मागलं सगळं संपलं," भटजी मोठ्यानं म्हणाले. "मागल्या जन्मीचं पाप संपलं, शिक्षा संपली, नातीगोती संपली. नाव ठेवायला आत्या कुठाय?"

"आत्या तर वारली," हैबती म्हणाला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "या मास्तरीणबाई हाईत. त्यांनी ठेवलं तर?"

"परकी नको," भटजी म्हणाले.

बाबांच्या पापण्या हलल्या. मी पाहिल्या, अगदी नीट पाहिल्या. मला वाटलं, आता डोळे उघडतील, आता म्हणतील. मूठ थोडी सुटली, पुन्हा वळली. ओठ निळे पडले होते. ते नियमानं गप्प होते, थंडीनं गप्प होते, की त्यांचं उत्तरच ते होतं? त्या काहिलीपुढं मी किती वेळा उभी राहिले असेन मनानं. अजून मला सांगता येत नाही.

बयाकाकूनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जुनंच नाव ठेवलं, "भिवा." बायकांनी त्यांच्या पाठीवर हळूच बुक्के मारले. कुणीतरी सुंठवडा वाटला. माझ्या तळहातावरही चिमूटभर ठेवला. बापाच्या बारशाचा सुंठवडा मी खाल्ला.

दुपारी हैबतीच्या ओसरीवर लग्न लागलं. सगुणाबाई हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. चेहरा दगडासारखा, पण श्वास भराभर चाललेला. बाबांना कोरडे कपडे घातले होते, तरी ते मधूनमधून शहारत होते. अक्षता पडल्या तसे ते म्हणाले, "थांबा." आणि त्यांनी आपल्या गाठोड्यातून त्या चार बांगड्या काढल्या.

तर या बांगड्या माझ्यासाठी नव्हत्या.

"हात पुढं कर," बाबा सगुणाबाईंना म्हणाले.

त्यांनी हात पुढं केला. बाबांनी अंगठा दुमडला, बोटं जुळवली, चेपली. बांगडी बोटांच्या पेरांवरून चढली आणि अंगठ्याच्या सांध्याशी अडली. त्यांनी पुन्हा चेपलं. सगुणाबाईंनी ओठ दाबले. त्या हातानं एवढी वर्षं दुसऱ्यांची जोंधळ्याची रानं काढली होती, जाती ओढली होती. सांधे सुजून गाठी झाल्या होत्या.

"दुखतंय?" बाबांनी विचारलं.

"दुखू दे."

"न्हाई," ते म्हणाले. "दुखून न्हाई."

जत्रेत हजार हात हाताळलेला, नुसत्या नजरेनं माप सांगणारा कासार. बांगड्या घडवल्या त्या तेव्हाच्या कोवळ्या हाताच्या मापानं. तो हात त्यांनी तिथं जपून ठेवला होता, आणि इथं हात मोठा होत गेला होता. ते बांगडीकडं बघतच राहिले. हैबतीनं घाईघाईनं पाटीतल्या हिरव्या काचेच्या मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या. त्या बाबांनी भरल्या, दोन्ही हातांत, एकही न फुटू देता. सगुणाबाई आपल्या हातांकडं बघत होत्या. मग त्यांनी करवंटीच्या बांगड्या उचलल्या आणि मला हाक मारली.

"मास्तरीणबाई, जरा हिकडं या."

मी गेले. त्यांनी माझा हात धरला. बांगड्या घालायला त्यांना काही करावंच लागलं नाही, चारही आपसूक आत गेल्या.

"अगं बया!" बयाकाकू म्हणाली. "हिच्याच मापानं केल्यागत!"

सगुणाबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी बाबांकडं पाहिलं. आता जन्म झाला होता, लग्न झालं होतं, बोलायला बंदी नव्हती. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. दोघांनी धरून त्यांना आत नेलं.

ताप उतरला नाही. मी सांगायची, न्यूमोनियासारखं दिसतंय, कऱ्हाडहून डॉक्टर आणा. हैबतीनं आणलाही. मी उशाशी बसायची ती मास्तरीण म्हणूनच. माझी मराठी ऐकून घरातल्या बायका हसत. ती सगळी एका पुरुषाकडून शिकलेली होती, आणि तीही तीस वर्षांपूर्वीची. "बाबा, पाणी?" असं मात्र मी कुणासमोर म्हणाले नाही. नुसतंच "पाणी?" म्हणायची.

शेवटी शेवटी ते मराठी विसरले. डोळे छताकडं लावून हिंदुस्थानीत बोलायचे. एका दुपारी ताठ होत म्हणाले, "हाज़िर, सरकार." पुन्हा म्हणाले, "हाज़िर."

"काय म्हनतोय?" हैबतीनं विचारलं.

त्या घरात ते मलाच कळत होतं. "हजेरी चाललीय," मी म्हटलं. "आपण इथं आहोत, असं सांगताहेत."

सगुणाबाईंनी त्यांचे तळपाय हातात धरले होते. त्या म्हणाल्या, "हाईसाच. हाईसा न्हवं का." हिरव्या बांगड्या वाजल्या. थोड्या वेळानं श्वास थांबला.

यावेळी पळसाची पानं लागली नाहीत.

दहाव्याला सगळे नदीवर गेलो. मीही गेले, बायकांच्या मागं. पाण्याकाठच्या दगडावर सगुणाबाईंचे हात ठेवून बांगड्या फोडल्या. पुरता पंधरवडाही त्या हातांत राहिल्या नव्हत्या. माझ्या बांगड्या मी पदराखाली झाकून घेतल्या.

पिंड खडकावर ठेवला. बाभळीवर कावळे होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत उडून गेला.

"दादा," हैबती हात जोडून म्हणाला, "वहिनीला अंतर देनार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

"दादा, बेसनाचं लाडू करीन. दर साली. चुकलं माझं."

ऊन चढलं. भटजी दर्भ शोधायला लागले. कावळा नाहीच शिवला तर दर्भाचा करून शिववतात.

"पानांचा व्हता तवा लगेच शिवला," बयाकाकू पुटपुटली. "आता खराखुरा हाय, तर बसलाय आडून. कशात जीव अडकला म्हनायचा ह्याचा?"

"वहिनी," हैबती म्हणाला, "तुम्हांला काही बोलला व्हता का? काही ऱ्हायलं व्हतं?"

सगुणाबाई फुटक्या काचांजवळ बसल्या होत्या. त्यांच्या मनगटावर बारीक रक्त आलं होतं. त्या उठल्या.

"ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळं ऱ्हायलं. देवळापाशी ते मला समदं बोलले व्हते. मीच म्हनलं, भटजींना कळलं तर इधी करायचे न्हाईत. आधी माझ्या हातात बांगड्या भरा, मग गावाला काय सांगायचं ते सांगा. हात जोडले त्यांनी मला. एवढी वरसं मी भोगलेलं बघून माझं ऐकलं." त्यांनी माझा हात पदराखालून बाहेर काढला, चारही बांगड्यांसकट. "मला मेलीला काय ठावं, सांगायला ऱ्हायचेच न्हाईत ते. आता तू सांग, पोरी."

भटजी दर्भ हातात धरून थांबले होते. सगळा घाट माझ्याकडं बघत होता. बाबा म्हणाले होते, मी सांगीन, तोवर तू बोलू नको. मी खडकापर्यंत गेले. पाणी अंगठ्याला लागत होतं, गार.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "मी चंपा. मी तुमची मुलगी आहे. भिवा कासाराची मुलगी."